पांढऱ्या उंदराच्या शिंका औषधाने थांबतात आणि आठवड्यात परत सुरू होतात, नेमकं चुकतंय कुठे

पहिल्यांदाच पांढरे उंदीर पाळणाऱ्यांचं गाडं बहुतेक इथेच येऊन अडतं. उंदीर घरी आणला, थोड्या दिवसांनी शिंकायला लागला, डॉक्टरांकडे नेला, औषध दिलं, मग एकदम मस्त, चाकावर पळतोय, खातोय पितोय, आणि औषध संपून आठवडा होत नाही तोवर रात्री लाईट बंद केली की कोपऱ्यातून परत त्या बारीक बारीक शिंका. परत डॉक्टर, परत औषध. माझ्याकडे हे सलग तीन वेळा झालं म्हणून सगळं नीट लिहून काढतेय, कारण उंदराचं आयुष्यच मुळात दीड-दोन वर्षांचं, त्यातले चार महिने आपण भलतीकडेच शोधत बसलो तर त्या जिवाच्या दृष्टीने ते फार होतात.

आधी एक गोष्ट. नवीन घरी आलेला उंदीर पहिले तीन-चार दिवस शिंकतो, नवे वास, नवा भुसा, प्रवासाचा ताण, त्याने लगेच घाबरू नका. खातोय, अंग गुळगुळीत आहे, डोळे टपोरे आहेत, श्वासाचा आवाज येत नाहीये, तर नुसतं लक्ष ठेवा. हे सगळं लिहितेय ते त्या शिंकांबद्दल ज्या आठवड्यानंतरही जात नाहीत किंवा जाऊन परत येतात, आणि ज्यांच्यासोबत कधीकधी टिकटिक किंवा घरघर असा आवाज येतो. तो आवाज ऐकायचा असेल तर उंदीर हातात घेऊन कानाजवळ धरा, पंखा टीव्ही सगळं बंद करून. मला आधी वाटायचं उंदीर दात वाजवतोय. ते दात नव्हते, छाती होती.

माझ्याकडचा किस्सा असा. मी डोंबिवलीला राहते, गॅलरी बंद करून केलेली एक छोटी खोली आहे तिथे मी उंदीर ठेवले. दुकानातून दोन्ही माद्या आहेत असं सांगून दोन दिले, साखर आणि तिळी. तिसऱ्या आठवड्यात तिळीला नऊ पिल्लं झाली तेव्हा कळलं की साखर नर आहे. (उंदराची गरोदरपणाची मुदत १९ ते २१ दिवसच असते, आणि व्यायल्यावर २४ तासाच्या आत मादी परत गाभण राहू शकते, म्हणून नर आहे हे कळलं त्याच मिनिटाला त्याला वेगळं करा, उद्यावर टाकू नका. पिल्लंसुद्धा चार आठवड्यांची झाली की नर-मादी वेगळी करायची, पाचव्या-सहाव्या आठवड्यात ती स्वतःच वयात येतात.) साखरला मी वेगळं केलं पण पिल्लांना घरं मिळेपर्यंत माशांच्या दोन फुटी काचेच्या टाकीत एक आई आणि नऊ वाढती पिल्लं असे दहा जीव होते. शिंका सुरू झाल्या त्या तिथून.

पहिल्यांदा एका ठिकाणी जे अँटीबायोटिक मिळालं ते पेनिसिलिनच्या घराण्यातलं होतं. काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी कारण समजावून सांगितलं ते फार महत्त्वाचं आहे. पाळीव उंदरांच्या अशा जुनाट सर्दीमागे बऱ्याचदा मायकोप्लाझ्मा पल्मोनिस नावाचा जंतू असतो. या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, आणि पेनिसिलिनची औषधं नेमकी त्या भिंतीवरच घाव घालतात, म्हणजे जी भिंतच नाही ती पाडायला निघाल्यासारखं. त्याच्यावर डॉक्सिसायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सॅसिन अशी वेगळ्या जातीची औषधं वापरतात. पण तीही जंतू दाबतात, मुळापासून काढत नाहीत. एकदा शिरलेला मायकोप्लाझ्मा बहुतेक उंदराच्या अंगात शेवटपर्यंत राहतो, गप्प पडून. आईकडून पिल्लांकडे पोटातच जाऊ शकतो आणि एकत्र राहणाऱ्यांना एकमेकांकडून लागतो. माणसाला तो आजारी पाडत नाही, त्याची भीती नको.

म्हणजे खरा प्रश्न जंतू गेला का हा नाहीये. गप्प पडलेला जंतू पुन्हा पुन्हा उठतोय कशामुळे, हा आहे.

याचं उत्तर मला सापडलं ते पहाटे साडेपाचला. आमच्याकडे तेव्हा पाणी येतं. पाणी भरता भरता तिळी दिसली नाही म्हणून टाकीचं झाकण काढून मी आत वाकले, अगदी भुशाला नाक लागेल इतकी खाली, आणि डोळ्यात झणझणलं. कांदा चिरताना होतं तसं. घशात खवखव. सरळ उभी राहिले तर काहीच वास नाही. परत वाकले, परत तेच. मी रोज दहा वेळा त्या टाकीजवळ जात होते आणि माझं नाक होतं जमिनीपासून पाच फुटांवर, तिळीचं नाक होतं भुशापासून एक सेंटीमीटरवर आणि ती रात्रंदिवस तिथेच श्वास घेत होती.

तो अमोनिया. उंदराच्या लघवीत युरिया असतो, ओल्या भुशातले जीवाणू तो फोडतात आणि अमोनिया तयार होतो. नाकात आणि श्वासनळीत बारीक केसांसारखी लव असते, ती घाण आणि जंतू बाहेर ढकलत असते. अमोनियाने ती लव खराब होते, मग गप्प पडलेल्या मायकोप्लाझ्माला रान मोकळं. हे काही माझं अनुमान नाहीये, १९७६ साली अमेरिकेत रॅटवर (म्हणजे आपल्या या लहान उंदरांच्या मोठ्या भाऊबंदांवर) झालेला अभ्यास आहे, त्यात हवेत अमोनिया २५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २५ भाग, इतकाच असला तरी मायकोप्लाझ्माचा आजार जास्त बळावतो असं दिसलं. आपल्याकडे पावसाळ्यात हे आणखी वाढतं कारण भुसा वाळतच नाही, ओल टिकते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ज्यांचे उंदीर शिंकायला लागतात त्यांनी सर्दीचं औषध शोधण्याआधी नाक पिंजऱ्यात घालून बघा. घरात बसून कळत नाही, नाक सरावतं. बाहेरून आल्या आल्या, हात धुवायच्याही आधी, भुशापर्यंत वाका. थोडासाही झणका आला तर कारण तिथेच आहे.

आता मी केलेली दुसरी चूक, आणि ही जवळजवळ सगळेच करतात. वास येतोय कळल्यावर मी दर दोन दिवसांनी सगळी टाकी रिकामी करून डेटॉलने धुवायला लागले. भुसा नवा, घर नवं, चाक घासून लख्ख. आणि वास कमी व्हायच्या ऐवजी वाढला. कारण उंदीर आपल्या जागेवर लघवीच्या थेंबांनी खूण करतो, त्याच्या लघवीत खास प्रोटीन असतात जी तो वास धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात, नरात मादीपेक्षा जास्त. आपण सगळं पुसून टाकलं की त्याला वाटतं आपलं घर गेलं, मग तो दुप्पट जोमाने सगळीकडे खुणा करत सुटतो. वर डेटॉल-फिनेलचा उग्र वास त्याच नाकाला. वर रोजचा ताण, आणि ताण आला की दबलेला आजार डोकं काढतोच.

मी आता करते ते असं. रोज सकाळी फक्त ओला भाग काढायचा. उंदीर मांजरासारखे एकाच जागी जात नाहीत पण त्यांचे दोन-तीन लाडके कोपरे असतातच, आठवडाभर बघितलं की कळतं, तेवढं चमच्याने उचलून तिथे कोरडं टाकायचं. चाक रोज ओल्या फडक्याने पुसायचं, पळता पळता त्यात हमखास लघवी करतात आणि निम्मा वास चाकाचाच असतो हे मला फार उशिरा कळलं. आठवड्यातून एकदा साधारण अर्धा थर बदलायचा, अर्धा जुना कोरडा तसाच ठेवायचा, आणि घरटं असतं त्याला हातच लावायचा नाही, ते आतून ओलं झालं असेल तरच थोडं काढायचं. पूर्ण पेटी धुणं महिन्यातून एकदा, गरम पाण्याने, लघवीचा पांढरा थर बसलेला असेल तिथे थोडं पांढरं व्हिनेगर चोळून, मग खळखळून धुऊन उन्हात वाळवून. धुतल्यावरही जुन्या घरट्यातली मूठभर सामग्री परत आत टाकायची, म्हणजे त्यांना आपलं घर ओळखू येतं.

भुशाबद्दल जरा जास्त लिहिते कारण शिंकांचं दुसरं मोठं कारण तिथे आहे. मी कोपऱ्यावरच्या सुताराकडून पिशवीभर भुसा फुकट आणायचे. त्यात प्लायवूडचा आणि एमडीएफचा (लाकडाचा लगदा डिंकाने दाबून केलेल्या फळ्यांचा) भुसा मिसळलेला असतो, म्हणजे आत डिंक आणि फॉर्मल्डिहाइड. शिवाय देवदार, पाइन अशा वासाच्या लाकडाचा भुसा असेल तर त्यातली तेलंच नाकाला झोंबतात, आपल्याला ज्या वासाने मस्त वाटतं तोच त्यांना नको. आणि धूळ. धुळीची एक सोपी परीक्षा आहे, पिठाची चाळणी घ्या, खाली काळं कापड पसरा, मूठभर भुसा चाळणीत टाकून दहा वेळा हलवा. कापडावर जे पडेल ते तुमच्या उंदराच्या नाकात जातंय. माझं कापड भाकरीचं पीठ सांडल्यासारखं झालं होतं.

मग काय घालायचं? कागद. किचन टिश्यूचे तुकडे, न छापलेल्या कागदाच्या पट्ट्या, ऑफिसमधल्या कागद फाडायच्या मशीनचा कोऱ्या कागदाचा कचरा मिळाला तर फारच छान, खोक्याचे फाडलेले तुकडे. पाळीव प्राण्यांसाठी कागदाचं तयार बेडिंग ऑनलाइन मिळतं, महाग पडतं, म्हणून मी खाली ते आणि वर टिश्यू-खोकी असं मिश्रण करते. थर तीन-चार इंचाचा तरी हवा, दीड इंच टाकला की खाली लगेच चिखल होतो. वर्तमानपत्र चालतं का असं सगळे विचारतात, अगदीच काही नसेल तर एखाद दिवस, पण शाई पांढऱ्या केसांना लागते आणि कागद ओल धरत नाही, नुसता लगदा होतो. आणि कापूस मात्र कधीही घालू नका. ऊब मिळेल म्हणून लोक प्रेमाने घालतात पण त्याचे धागे पायाला गुंडाळतात, रक्त थांबतं, पाय जातो. माझ्या एका पिल्लाच्या मागच्या पायाला असाच धागा अडकला होता, भिंगाखाली धरून नखं कापायच्या कात्रीने सोडवला, थोडा उशीर झाला असता तर पाय राहिला नसता.

काचेची टाकी. मासे त्यात सुखी, उंदीर नाही. हवा फक्त वरून येते-जाते, तळाशी कोंडून राहते. मी प्लास्टिकचा मोठा स्टोरेज बॉक्स घेतला, दोन्ही बाजूंना आणि झाकणाला मोठ्या खिडक्या कापल्या आणि हार्डवेअरच्या दुकानातून पाव इंची जाळी आणून केबल टायने घट्ट बांधली. जाळी पाव इंचीच घ्या, दुकानात पक्ष्यांचा पिंजरा गळ्यात मारतात, त्याच्या गजातून लहान उंदीर सहज निघून जातो. जाळी लावल्यापासून तळाचा झणका निम्म्याहून कमी झाला, तेही भुसा बदलायच्या आधीच. मात्र जाळी आहे म्हणून पेटी थेट पंख्याखाली किंवा एसीच्या झोताखाली ठेवू नका, हवा खेळती हवी, झोत नको. उन्हाळ्यात उलटी अडचण, २० ते २६ अंश त्यांना मानवतं, तिशीच्या पुढे त्रास सुरू होतो, तेव्हा फुटक्या माठाचं खापर धुऊन आत ठेवा, दुपारभर त्याच्यावर पोट टेकून पडून राहतात.

आणि आता घरातले धूर आणि वास, ज्यांचा विचारच कोणी करत नाही. पेटी कुठे ठेवलीय बघा. देवघराच्या जवळ असेल तर सकाळ-संध्याकाळ उदबत्ती, धूप, कापूर. स्वयंपाकघराच्या दाराशी असेल तर फोडणी, मिरचीच्या ठसक्याने आपण खोकतो तर वीस-तीस ग्रॅमच्या जिवाचं काय होत असेल. डासांची कॉइल, मशीनमधलं लिक्विड, कपाटातल्या डांबर गोळ्या, फरशी पुसायचं फिनेल, रूम फ्रेशनर. आमच्याकडे रात्री डासांचं मशीन त्याच खोलीत लावलेलं असायचं आणि शिंका रात्रीच जास्त यायच्या, मी म्हणायचे उंदीर रात्री जागे असतात म्हणून. मशीन हॉलमध्ये नेलं, खिडकीला जाळी बसवली. काही जण शिंका थांबाव्या म्हणून पिंजऱ्याजवळ बाम किंवा निलगिरीचं तेल लावतात, तेही करू नका, त्या नाकाला ते आराम देत नाही, जाळतं.

आजी म्हणते, लोक उंदीर पकडायला पिंजरा आणतात आणि तू उंदीर पाळायला आणलास. पण तिच्याच सांगण्यावरून एक गोष्ट सुधारली, पेटीखाली सांडलेले ज्वारी-बाजरीचे दाणे रोज झाडायला लागले. पावसाळ्यात बाहेरचे उंदीर त्या दाण्यांच्या वासाने येतात, रात्री जाळीला नाक लावून बसतात, त्यांच्याकडून आपल्याकडच्यांना पिसवा, खरूज, श्वासाचे आजार काहीही लागू शकतं, आणि बाहेरच्या उंदराच्या लघवीतून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका आपल्यालाही असतो. पेटी जमिनीवर नको, उंच टेबलावर ठेवा. नवीन उंदीर आणलात तर तोही निदान दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत, आणि आधी जुन्यांचं आवरून मग नव्याला हात लावायचा, उलट नाही.

हे सगळं करूनही औषध लागणारच नाही असं नाही. डॉक्टरांकडे कधी न्यायचं हे ठरवायला मला सगळ्यात उपयोगी पडला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. त्यावर स्टीलचा उभा डबा ठेवायचा, शून्य करायचा, उंदीर डब्यात सोडायचा, आकडा स्थिरावतो तेवढ्यात बघायचा, आणि दर रविवारी भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा. तिळी ३१ ग्रॅमची होती, दुसऱ्या फेऱ्यात दोन आठवड्यात २६ वर आली तेव्हा डोळ्याला ती तशीच दिसत होती, आकड्याने सांगितलं. वजन उतरतंय, केस पिंजारलेत, पाठ काढून डोळे अर्धे मिटून बसतोय, छाती वाजतेय, यातलं काहीही असेल तर दोन दिवसात न्या. आणि उंदीर तोंड उघडून श्वास घेताना दिसला तर त्याच दिवशी, त्याच तासाला, कारण उंदीर नाकानेच श्वास घेतात, तोंड उघडलं म्हणजे नाकाने पुरत नाहीये.

कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर उंदीर बघतात असं नाही. मुंबईत प्राण्यांचं म्हटलं की पहिलं नाव परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचं निघतं, पण कुठेही जा, निघण्याआधी फोन करून उंदीर बघणारे डॉक्टर कधी असतात ते विचारा, लोकलच्या गर्दीतून उगाच फेरा झाला तर आजारी उंदराला तो झेपत नाही. न्यायचा तो छोट्या भोकांच्या डब्यात, त्याच्याच घरट्यातला कागद घालून, पाण्याच्या बाटलीऐवजी काकडीचा तुकडा ठेवून, बाटली हलली की सगळं ओलं होतं. एका पेटीत राहणारे सगळे सोबत न्या किंवा निदान डॉक्टरांना सांगा, एकट्यालाच औषध दिलं की दुसऱ्याकडून परत येतंच.

माणसाच्या गोळीचा चुरा करून घरी डोस ठरवू नका, तीस ग्रॅमच्या जिवाला जरासा अंदाज चुकला तरी पुष्कळ होतं. डॉक्सिसायक्लिन दिलं असेल तर त्या वेळेला दूध, दही, पनीर देऊ नका, कॅल्शियमने औषध अडकतं आणि अंगी लागत नाही, मी औषध प्यावं म्हणून दह्यातून देत होते आणि फरक का पडत नाही म्हणून रडत होते. पाण्यात टाकायला सांगितलं असेल तर बाटलीला बाहेरून फॉइल गुंडाळा, उजेडाने ते खराब होतं, आणि पाणी रोज नवं. कडू लागलं की उंदीर पाणीच कमी पितात, तसं दिसलं तर डॉक्टरांना सांगून बिनसुईच्या सिरिंजने तोंडात द्यायचं मागून घ्या. कोर्स अनेकदा दोन-तीन आठवडे चालतो, चौथ्या दिवशी पळायला लागला म्हणून थांबवू नका. आणि औषध सुरू करायच्या दिवशीच बेडिंग बदला, पेटीची जागा बदला, म्हणजे कोर्स संपेल तेव्हा उंदीर परत त्याच हवेत जाणार नाही. माझे आधीचे कोर्स वाया जायला हेही एक कारण होतं.

भुसा बदलताना घरातल्या दम्याच्या माणसाला त्या खोलीत थांबवू नका, स्वतः मास्क लावा. उंदराच्या लघवीतल्या प्रोटीनची काही जणांना ॲलर्जी असते, मुलाची धाप आणि उंदराच्या शिंका एकाच ओल्या भुशातून येताना मी ओळखीच्या एका घरात पाहिल्यात.

तिळी पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. हवा बदलली की, दिवाळीत बाहेर फटाक्यांचा धूर झाला की दोन-चार शिंका येतात, तेव्हा खिडकी लावून घेते, कागद वाळका आहे ना बघते, दोन दिवसात थांबतात. तिसऱ्या कोर्सनंतर सात महिने झाले, औषध लागलेलं नाही. या रविवारी काट्यावर ३० आले.